काळवीट आणि माकड : एकाच यादीतले दोन जीव



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आमच्याकडून पगारवाढ, बोनस किंवा कामगार कायदे यांवर काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला, 'काळवीट आणि माकड'. चिटणीसांनी पुन्हा एकदा विचारून घेतले की, हे नाव एखाद्या संपाचे रूपक आहे काय? नाही. आम्ही खरोखरीच्या काळविटाविषयी आणि खरोखरीच्या माकडाविषयी बोलणार आहोत. आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले, आणि जे पाहिले ते युनियनच्या कामानिमित्त माळावर आणि घाटात हिंडताना पाहिले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

हा विषय आम्हांला सुचला तो एका प्रश्नामुळे. काळवीट दुर्मिळ आणि माकडे मात्र मुबलक, असे तुम्ही-आम्ही सगळेच धरून चालतो. काळवीट दिसले की आपण बोट दाखवून मुलांना सांगतो, "बघ, बघ!" आणि माकड दिसले की पिशवी छातीशी धरतो. परंतु जगातल्या प्राण्यांच्या सुरक्षिततेचा हिशेब ठेवणारी जी यादी आहे, तिच्यात आज चित्र नेमके उलटे आहे. काळवीट तिथे बऱ्या रकान्यात आहे, आणि आपल्या दक्षिणेकडचे साधे, टोपीवाले माकड धोक्याच्या रकान्यात जाऊन बसले आहे. हे असे कसे झाले, याचा उलगडा करण्याचा आजचा प्रयत्न आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरू. आपण काळविटाला सरसकट हरीण म्हणतो. बोलण्यात ते चालते, शास्त्रात चालत नाही. चितळ, सांबर, बारशिंगा ही खरी हरणे. त्यांच्या नराच्या डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगे येतात आणि ती ठरावीक काळाने गळून पडून पुन्हा नवी फुटतात. काळविटाचे शिंग एकदा आले की जन्मभराचे. आत हाड आणि वर गाईच्या शिंगासारखे कठीण टोपण. त्याला फांद्या नसतात. ते मळसूत्रासारखे पीळ घेत वर जाते. याचा अर्थ असा की, काळविटाचे कुळ चितळाचे नव्हे. ते गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कुळातले आहे. माळावर शेळ्या राखणारा पोरगा आणि त्याच्यापासून दोन हाकांवर उभे असलेले काळवीट यांच्यामध्ये जी शेळी चरत असते, ती त्या काळविटाची चुलत बहीण होय. लिनिअस नावाच्या स्वीडिश पंडिताने 1758 मध्ये काळविटाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याचीही थोडी तारांबळ उडालेली दिसते. त्याने ते शेळीच्या प्रजातीत घातले आणि पुढे 'सर्व्हिकाप्रा' हा शब्द जोडला. त्याचा अर्थच मुळी 'हरिण-शेळी'! पुढे प्रजात बदलली, आणि आज त्याचे नाव अँटिलोपे सर्व्हिकाप्रा असे आहे.

माकडाच्या बाबतीतही तोच घोळ. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत आणि ते जुन्या माणसांनी विचारपूर्वक वापरलेले आहेत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, राखी अंगाचे ते वानर. आणि तांबूस किंवा फिकट तोंडाचे, तपकिरी अंगाचे ते माकड. वानर मुख्यतः पानांवर जगते आणि त्याचे पोट पाने पचवण्याजोगे कप्प्याकप्प्यांचे असते. माकडाचे पोट आपल्यासारखे साधे, परंतु त्याच्या गालांत दोन पिशव्या असतात. मिळेल ते आधी त्या पिशव्यांत कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खायचे, ही त्याची रीत. आज आपण ज्या माकडाविषयी बोलत आहोत त्याच्या डोक्यावरचे केस मधोमधून चहूकडे किरणांसारखे पसरतात आणि टोपी घातल्यासारखे दिसतात. म्हणून त्याचे शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. माथेरानला किंवा घारापुरीला गेलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी ओळख झालेली असते; निदान त्याची आपल्या शिदोरीशी तरी झालेली असते.

आता वर्गीकरणाकडे येऊ. 'वर्ग' हा शब्द आम्ही आयुष्यभर व्यासपीठावरून उच्चारत आलो. परंतु प्राणिशास्त्रात त्याचा अर्थ निराळा आहे हे आम्हांला फार उशिरा कळले. तिथे काळवीट आणि माकड हे दोघे एकाच वर्गातले आहेत. हा वर्ग सस्तन प्राण्यांचा. दोघेही पिलांना दूध पाजतात, दोघांच्याही अंगावर केस असतात. तुम्ही-आम्हीही त्याच वर्गात. फाटाफूट होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे गणात. काळवीट समखुरी गणात जाते. त्याचे सगळे वजन प्रत्येक पायाच्या दोन बोटांवर, म्हणजे दुभंगलेल्या खुरावर असते. माकड नरवानर गणात येते, आणि त्या गणात आपणही आहोत. पुष्कळ लोक समजतात की, माणूस आजच्या माकडापासून झाला असे शास्त्रज्ञ म्हणतात. तसे कोणी म्हणत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी आपला आणि या माकडांचा पूर्वज एक होता. पुढे घराण्याच्या वाटण्या झाल्या. माकड हे आपले आजोबा नव्हेत, फार लांबचे भाऊबंद होत.

या गणभेदाचा परिणाम जगण्याच्या प्रत्येक बाबतीत दिसतो. काळविटाचे शरीर पळण्यासाठी घडलेले आहे. लांब पाय, वजन बेताचे, डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे मागून येणारेही दिसावे. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने ते धावू शकते. त्याच्या पोटाचे चार कप्पे आहेत. गवत घाईघाईने ओरबाडायचे आणि मग उभ्या-बसल्या रवंथ करायचा. माकडाचे शरीर पकडण्यासाठी घडलेले आहे. हाताचा अंगठा बोटांसमोर येतो, डोळे समोर, अंतर अचूक कळावे म्हणून. ते फळ खाते, पान खाते, किडा खाते, आणि भजीही खाते. काळविटाला ठरावीक प्रकारची जमीन लागते. माकडाला मात्र झाड आणि पाणी एवढे मिळाले की पुरते. पोटाचा हा फरक ध्यानात ठेवा, कारण दोघांच्या पुढच्या इतिहासाची किल्ली त्यातच आहे.

काळविटाचे घर म्हणजे उघडा माळ. दाट जंगल त्याला मानवत नाही. तिथे पळताही येत नाही आणि वैरी लांबून दिसतही नाही. आपल्या सोलापूरपासून थोड्या अंतरावर नान्नजच्या माळावर पहाटे जाऊन उभे राहावे. नर अंगाने काळा, पोट पांढरेशुभ्र. माद्या आणि पिले बदामी. वयाने आणि अधिकाराने वाढेल तसा नराचा रंग गडद होत जातो. कळपातले एक जनावर दचकले की ते सरळ वर उडी घेते, मग दुसरे, मग तिसरे; सारा माळ उसळतो आहे असे वाटते. हा माळ पूर्वी फार मोठा होता. कालिदासाच्या शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत राजा रथातून ज्या मृगाचा पाठलाग करतो, तो कृष्णसार, म्हणजे आपले काळवीटच. आश्रमातले तपस्वी आडवे येतात आणि राजाला सांगतात, हा आश्रमाचा मृग आहे, याला मारू नये. आणि राजा बाण उतरवतो. मनुस्मृतीत तर जिथे कृष्णमृग आपखुशीने हिंडतो तो देश यज्ञाला योग्य, असे म्हटले आहे. मनुस्मृतीशी आमची अनेक बाबतींत भांडणे आहेत, परंतु एवढे मान्य केले पाहिजे की, त्या काळी देशाची ओळख सांगण्याइतके काळवीट सर्वत्र होते.

त्यानंतरचे राजे दुष्यंताइतके ऐकणारे निघाले नाहीत. माणसाळवलेले चित्ते काळविटांवर सोडून शिकार करण्याचा षोक मोगलांच्या दरबारात होता, आणि आपल्या कोल्हापूर संस्थानातही असे शिकारी चित्ते पाळलेले होते. मग बंदुका आल्या, आणि बंदुकांमागून जीपगाड्या. रात्री दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभे राहिलेले जनावर मारायला शौर्य लागत नाही. त्याच काळात माळ नांगराखाली गेले. एकेकाळी या देशात काळविटे लाखांनी मोजण्याइतकी होती. 1970 च्या सुमारास ती पंचवीस हजारांच्या आतबाहेर उरली असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. आजच्या बांगलादेशातून ती नाहीशी झाली, पाकिस्तानातूनही झाली. त्यांच्यामागे धावणारा चित्ता तर आधीच गेला. 1952 मध्ये आपल्या सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून 8 चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, तेव्हा कुठे 70 वर्षांनी ती जागा भरण्याचा प्रयत्न सुरू झाला. काळविटाचा वेग मात्र अजून तसाच आहे. मालक गेला तरी कामगाराच्या हाताला सवय राहावी, त्यातलाच हा प्रकार.

मग काळवीट वाचले कसे? याला तीन कारणे आहेत. पहिले, कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले आणि शिकार हा भारी गुन्हा ठरला. दुसरे, राखीव जागा. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदर, आपल्याकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरी. रेहेकुरीचे अभयारण्य 1980 मध्ये झाले. क्षेत्र जेमतेम 2 चौरस किलोमीटरच्या वर, परंतु तेवढ्या जागेनेही काम केले. तिसरे कारण आम्हांला सर्वांत मोठे वाटते, आणि ते म्हणजे साधी माणसे. राजस्थानातल्या बिश्नोई समाजाला जांभोजींनी पंधराव्या शतकात 29 नियम घालून दिले. त्यांत जीवदया आणि हिरवे झाड न तोडणे हे नियम आहेत. 1730 मध्ये खेजडली गावात झाडे वाचवण्यासाठी 363 माणसांनी प्राण दिले, असे तो समाज आजही सांगतो आणि त्यांचे स्मरण करतो. अशा लोकांच्या शेतात काळवीट निर्धास्त चरते. कायदा कागदावर असतो. त्याला हातपाय माणसे देतात. कामगार कायद्यांचाही आमचा हाच अनुभव आहे.

आता माकडाचे घर. हे माकड द्वीपकल्पातले, फक्त भारतातले. जगात दुसरीकडे ते निसर्गतः कुठेही नाही. पश्चिम घाटाची झाडी, देवराया, नदीकाठ, आणि रस्त्याच्या दुतर्फा लावलेली वड-पिंपळ-चिंचेची झाडे, ही त्याची वसतिस्थाने. त्याच्या समाजाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माद्या जन्मल्या टोळीतच राहतात; नर मोठे झाले की दुसऱ्या टोळीत जातात. पुष्कळ जातींच्या माकडांत नरानरांत सतत हाणामारी असते, परंतु या टोपीवाल्या माकडांचे नर एकमेकांना मिठ्या मारतात, एकमेकांच्या अंगावरच्या उवा-कचरा वेचतात, संकटात एकमेकांच्या बाजूने उभे राहतात. अभ्यासकांनी याची मुद्दाम नोंद केलेली आहे. आमच्या काही युनियनांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावे असे आमच्या मनात येऊन जाते.

उत्तरेत याच माकडाचा एक आडदांड भाऊ राहतो. त्याची शेपटी आखूड, पार्श्वभाग लाल. 1940 मध्ये रक्तातला 'आरएच' घटक सापडला, त्याला नाव मिळाले ते या ऱ्हीसस माकडावरून. पोलिओच्या लसीसाठी ही माकडे एकेकाळी या देशातून प्रचंड संख्येने परदेशी पाठवली जात; 1978 मध्ये ती निर्यात बंद झाली. पूर्वी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही या दोन भावांमधली ढोबळ सरहद्द समजली जाई. आता ती सरहद्द मोडली आहे. उत्तरेचे माकड दक्षिणेकडे सरकते आहे आणि टोपीवाल्याची जागा घेते आहे, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवून दिले. शहरात पकडलेली माकडे गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून देण्याच्या आपल्या सवयीनेही या सरकण्याला हात दिला आहे.

दुसरा घाव बसला तो झाडांवर. रस्ते रुंद झाले. रुंद रस्ते हवेतच, आमची एस. टी. त्यावरूनच धावते. परंतु शंभर-शंभर वर्षांचे वड एका आठवड्यात आडवे झाले, आणि त्यांच्यावरच्या टोळ्या कुठे गेल्या हे कोणी विचारले नाही. म्हैसूरच्या परिसरात अभ्यासकांनी वर्षानुवर्षे त्याच त्या रस्त्यांवरून जाऊन माकडांच्या टोळ्या मोजल्या. सुमारे 25 वर्षांत तिथली माकडे निम्म्याहून खूपच कमी झाली, असा निष्कर्ष 2017 मध्ये छापून आला. आणि आपण मात्र देवळापुढची गर्दी पाहून म्हणत होतो की, माकडे वाढली, माकडे वाढली! पहाटे मजूर नाक्यावर शंभर माणसे उभी दिसतात म्हणून गावात काम पुष्कळ आहे असे कोणी म्हणेल काय? नाक्यावरची गर्दी हेच काम नसल्याचे लक्षण असते. देवळापुढची माकडे ही पुष्कळदा रानातून आणि रस्त्यावरून उठवून लावलेली माकडे असतात.

आता त्या यादीकडे वळू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ ही संस्था 1948 मध्ये स्थापन झाली आणि 1964 पासून ती धोक्यातल्या जिवांची एक लाल यादी ठेवते. तिच्यात पायऱ्या आहेत. सर्वांत वर 'अल्प चिंतेचे', खाली 'संकटसमीप', त्याखाली 'असुरक्षित', 'संकटग्रस्त', 'अतिसंकटग्रस्त', आणि शेवटी 'नामशेष'. काळवीट बरीच वर्षे खालच्या पायऱ्यांवर होते. 2017 मध्ये ते 'अल्प चिंतेचे' या पायरीवर चढले. टोपीवाले माकड पूर्वी 'अल्प चिंतेचे' होते. 2020 मध्ये छापलेल्या निवाड्यात ते 'असुरक्षित' ठरले. एक जण जिना चढला, दुसरा उतरला.

इथे तुम्ही विचाराल, माकडे तर काळविटांपेक्षा अजूनही किती तरी जास्त दिसतात. मग ती असुरक्षित कशी? याचे उत्तर आम्हांला गिरणीच्या हजेरीपटावरून चटकन कळले. एका गिरणीत 5,000 कामगार आहेत आणि दर महिन्याला 100 कमी होत आहेत. दुसऱ्या कारखान्यात अवघे 200 आहेत, पण गेली दहा वर्षे ते 200 चे 200 कामावर आहेत. तुमचा मुलगा तुम्ही कुठे चिकटवाल? यादी करणारे पंडितही एकूण आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, घसरणीच्या वेगाकडे पाहतात. तीन पिढ्यांच्या काळात संख्या 30 टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटली, तर तो प्राणी 'असुरक्षित' ठरू शकतो. मग तो आज कितीही ठिकाणी दिसो. या सोलापुरात भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरून जात, ते पाहिलेले लोक या सभेत बसले आहेत. गर्दी होती म्हणून गिरण्या टिकल्या काय?

आपल्या देशाची यादी वेगळी, ती कायद्याची. 2022 मध्ये वन्यजीव कायदा दुरुस्त झाला आणि 2023 च्या एप्रिलपासून ती दुरुस्ती अमलात आली. तिच्यात टोपीवाले माकड पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे काळविटाच्या पंगतीला बसले. आणि त्याचा उत्तरेकडचा भाऊ मात्र अनुसूचीतून वगळला गेला. इथून खरा वाद सुरू होतो, आणि तो टाळून आम्हांला पुढे जाता येणार नाही. केरळातून मागणी झाली आहे की, हे माकड पहिल्या अनुसूचीतून काढा, कारण शेतकरी हैराण झाला आहे. आपल्या कोकणातला बागायतदारही तेच म्हणतो. त्याला 'लाल यादी वाच' म्हणून सांगणे हा उद्धटपणा होईल. नारळ, केळी, काजू, भाजीपाला यांची नासधूस ही खोटी तक्रार नव्हे. इकडे माळावरचा शेतकरीही ज्वारी-हरभऱ्याचे कोवळे कोंब काळविटांनी खाल्ल्याचे सांगतो, तेही खरे आहे. नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती मिळते ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. खंडाने करणाऱ्याची ओढाताण होते, आणि पीक गेल्यामुळे ज्या बाईचा काढणीचा रोज बुडाला तिचा तर कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि खरे सांगायचे तर तिच्यामुळेच आम्ही या विषयात पडलो. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. हाच तो माकडताप. रोग विषाणूचा; तो पसरवते गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या जमिनीवर उतरतात आणि पाचोळ्यातून चालणाऱ्या माणसाला चिकटतात. 2016 मध्ये हा ताप आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग भागात आला. हंगाम काजूचा, आणि बागेत पाचोळ्यात वाकून बोंडे गोळा करणारी माणसे रोजंदारीची. त्या भागात आमची एक बैठक होती. आम्ही किमान वेतनाविषयी बोललो. शेवटी मागे बसलेली एक वयस्क बाई उठून म्हणाली, "दादानू, माकड मेलेला दिसला तर बागेत जावचा काय नाय, ताच सांगा." आम्हांला उत्तर देता आले नाही. गेली तर तापाची भीती, न गेली तर रोज बुडाला. मालकाचे म्हणणे, काम नाही तर पैसे नाहीत. त्या रात्री आम्हांला जाणवले की, माकडाचे मरण ही त्या बाईच्या दृष्टीने धोक्याची घंटा आहे. रानात काय बिघडले आहे हे वर्तमानपत्राच्या आधी माकड सांगते. ज्या रानात माकडच उरले नाही, त्या रानात ही घंटा वाजवणार कोण? आणि बागेत जाऊ नको असे सांगायचे, तर तिच्या त्या दिवसाच्या रोजाची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. ही मागणी त्यानंतरच्या आमच्या प्रत्येक निवेदनात आहे. ती अजून मान्य झालेली नाही.

माळाचीही अशीच कथा आहे. 1979 मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते कागदावर सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे, शेतेच्या शेते आली. लोक साहजिकच चिडले. पुढे ते आटवून सव्वा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणले. आधी सगळेच आपले म्हणायचे आणि मग बहुतेक सोडून द्यायचे, या कारभारात माळढोक जवळजवळ हातचा गेला. काळवीट टिकले हे नशीब. आणि माळाला सरकारदरबारी शब्द काय आहे? 'पडीक'. पडीक म्हटले की झाडे लावा, कारखाना काढा, पट्टे वाटा, काहीही करा. एका म्हाताऱ्या धनगराने आम्हांला विचारले होते, "सरकार म्हणतंय पडीक. मग आमची मेंढरं इतकी वर्सं खात्यात काय, दगडं?" त्या प्रश्नात सगळे शास्त्र आले. काळवीट, लांडगा, मेंढी आणि धनगर यांचे घर एकच आहे. काळवीट वरच्या पायरीवर चढले म्हणून निश्चिंत राहता येणार नाही. माळ गेला तर ते त्याच जिन्याने खाली येईल.

तेव्हा या तुलनेतून हाती काय लागले? जो प्राणी आपण दुर्मिळ मानला, त्याच्यासाठी कायदा, जागा आणि माणसे यांची सांगड घातली, आणि तो सावरला. जो मुबलक मानला, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि तो घसरला. एकाला खायला गवतच लागते, म्हणून त्याची गरज आपल्याला चटकन कळली. दुसरा काहीही खाऊन जगतो, म्हणून त्याला काही कमी पडत असेल असे आपल्या मनातच आले नाही. हे माणसांच्या बाबतीतही घडते, याची साक्ष आम्ही देऊ शकतो.

करायचे काय, तेही थोडक्यात सांगतो. रस्ता रुंद करताना झाड तोडले तर त्याच रस्त्याच्या कडेला त्याच जातीचे, वड-पिंपळ-उंबराचे झाड लागले पाहिजे आणि जगले पाहिजे. दुभाजकातल्या शोभेच्या रोपट्यावर माकड जगत नाही. देवळापुढे, घाटात, गाडी थांबवून माकडांना खायला घालण्याचे पुण्य आपण सोडून द्यावे. त्याने माकड रान विसरते आणि माणसाच्या अंगावर येते. पकडलेले माकड दुसऱ्याच्या गावात नेऊन सोडणे म्हणजे आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे होय. जिथे माकडांनी शेतकऱ्याचे जगणे अशक्य केले आहे, तिथे बंदोबस्त जरूर व्हावा, पण आधी मोजणी करून; कारण मोजल्याशिवाय केलेली कपात कामगारांची असो की माकडांची, ती आम्हांला मान्य नाही. माळाला 'पडीक' म्हणणे थांबवावे. आणि भरपाईच्या कागदावर शेतमालकाच्या नावाखाली रोज बुडालेल्या मजुरासाठी एक ओळ असावी.

ही शेवटची मागणी प्राणिशास्त्राची नाही असे कोणी म्हणेल. आम्हांला ती त्यातलीच वाटते. ज्या माणसाला रानातल्या जनावरामुळे उपाशी झोपावे लागते, तो त्या जनावराची राखण करणार नाही. आणि त्याने राखण केली नाही तर कोणतीही अनुसूची ती करू शकणार नाही. बिश्नोईच्या शेतात काळवीट निर्धास्त चरते ते त्या माणसाच्या भरवशावर.

दोडामार्गच्या त्या बाईला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या काजूच्या हंगामात आम्ही पुन्हा त्या बागांत जाणार आहोत. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, वकील, शिक्षक किंवा शास्त्राचे विद्यार्थी बरोबर येऊ इच्छित असतील, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी थांबलेलो आहोत.